संस्थेचा फोन आणि आपले ‘नको’

देणे आपल्याला नवे नाही. दारी वासुदेव आला तर सुपातले पसाभर धान्य त्याच्या झोळीत पडते. गणपतीची वर्गणी, सप्त्याची वर्गणी, शाळेच्या भिंतीची वर्गणी आपण देतोच. यात मागणारा माणूस ओळखीचा असतो. तो वर्षातून एकदा येतो. पैसा कुठे गेला ते आपल्याला डोळ्यांनी दिसते. भिंत उभी राहिली की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.

आता मागण्याची एक नवी तऱ्हा आली आहे. ती फोनवरून येते. तिच्याविषयी हा पाठ आहे.

१. सभासद झालो, आणि फोन सुरू झाले

समजा, तालुक्याच्या बाजारात एका संस्थेची माणसे टेबल मांडून बसली आहेत. संस्था चांगली आहे. ती जंगल वाचावे म्हणून भांडते. अशाच दुसऱ्या संस्था ग्राहकांसाठी भांडतात, कोणी मुलांच्या हक्कांसाठी भांडतात. आपल्याला काम पटले. आपण शंभर रुपये भरले आणि सभासद झालो. कागदावर नाव, गाव आणि फोनचा नंबर लिहिला. खाली सही केली.

पंधरा दिवसांनी फोन आला. आपण रानात होतो. हातातले खुरपे बाजूला ठेवले आणि फोन घेतला. “काका, तुम्ही आमचे सभासद. फार तातडीची गरज आहे. पाचशे रुपये द्याल ना?” आपण दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला. मग आठवड्याला येऊ लागला. “पाचशे नाही, तर दोनशे द्या. दोनशे नाही, तर पन्नास द्या.” नको म्हणावे तर वाईट वाटते. हो म्हणावे तर खिशात पैसा नाही.

शेवटी काय होते? आपण नंबर पाहूनच फोन उचलत नाही. मग एक दिवस म्हणतो, “नको ती संस्था आणि नको ते सभासद होणे!” जंगल वाचावे असे आपल्याला अजूनही वाटते. पण त्यासाठी झटणाऱ्या माणसांचा कंटाळा येतो. हे नुकसान पन्नास-शंभर रुपयांपेक्षा मोठे आहे. संस्थेचा सभासद गेला. आपला एका चांगल्या कामाशी असलेला संबंध तुटला. म्हणून या फोनचे काय करावे ते नीट समजून घेऊ.

२. संस्था असे का करतात?

पहिली गोष्ट. संस्थेला पैसा लागतोच. लोकांच्या बाजूने सरकारशी किंवा मोठ्या कारखान्याशी भांडायचे, तर सरकारच्या किंवा कारखान्याच्या पैशावर ते जमत नाही. लोकांच्या पैशावरच ते काम उभे राहते. तेव्हा मागणे हा काही गुन्हा नव्हे. आमचा न्यासही देणग्यांवरच चालतो. तुमच्या हातातले हे पुस्तक छापायलाही कोणी तरी पैसे दिले आहेत.

दुसरी गोष्ट. ज्याने एकदा दिले, तो पुन्हा देण्याचा संभव जास्त. दुभत्या गाईकडेच माणूस चरवी घेऊन जातो. म्हणून अनोळखी माणसाच्या आधी सभासदाला फोन येतो.

तिसरी गोष्ट नीट ध्यानात घ्या. फोन करणारा माणूस पुष्कळदा संस्थेचा नसतोच. संस्थेने ते काम एखाद्या कंपनीला दिलेले असते. तिथे ओळीने मुले-मुली बसतात. प्रत्येकासमोर सभासदांची यादी असते. काय बोलायचे तेही लिहून दिलेले असते. ‘नाही’ म्हटले तर काय उत्तर द्यायचे, ‘पैसे नाहीत’ म्हटले तर किती रक्कम कमी करून मागायची, सगळे ठरलेले! ती मुले पगारासाठी राबतात. म्हणून त्यांना शिव्या देऊ नयेत. पण त्यांच्या गोड बोलण्याला भुलूही नये.

३. परदेशात काय झाले?

अमेरिकेत असे फोन आपल्या आधीपासून येत आहेत. तिथली एक हकिकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत इलिनॉय नावाचे राज्य आहे. व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेल्या सैनिकांसाठी तिथे एक संस्था होती. संस्थेने फोनवरून देणग्या गोळा करण्याचे काम एका कंपनीला दिले. १९८७ ते १९९५ या काळात कंपनीने सुमारे ७१ लाख डॉलर जमवले. करार असा होता की, दर १०० डॉलरमागे ८५ डॉलर कंपनीचे आणि १५ डॉलर संस्थेचे. लोकांना वाटत होते की, आपण सैनिकांना देतो आहोत. खरे पाहता मोठा वाटा फोन करणारी कंपनीच घेत होती! पैसा सैनिकांनाच जातो, असे देणाऱ्यांना भासवले, असा सरकारचा आरोप होता. दावा वर वर जात देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. २००३ साली न्यायालयाने सांगितले, ‘जास्त मेहनताना घेणे हीच काही फसवणूक नव्हे. पण देणाऱ्याला खोटे सांगून पैसे घेतले, तर सरकार खटला भरू शकते.’

त्याच २००३ साली अमेरिकेत एक मोठी यादी सुरू झाली. ज्याला जाहिरातीचे फोन नकोत, त्याने आपला नंबर त्या यादीत घालावा. पण धर्मादाय संस्थांच्या फोनना ही यादी लागू नाही. मग उपाय काय? संस्थेने नेमलेली कंपनी फोन करीत असेल, तर तिला म्हणायचे, ‘या संस्थेसाठी मला पुन्हा फोन करू नका.’ असे म्हटल्यावर त्या कंपनीने त्या संस्थेसाठी त्या माणसाला फोन करायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे पाहा, तिथेही तोंडाने ‘नको’ म्हणावेच लागते. गप्प राहून फोन ठेवला, तर यादीतले नाव तसेच राहते.

ब्रिटनमध्ये २०१५ साली अशा फोनांवरून आणि पत्रांवरून फार बोलबाला झाला. वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. २०१६ साली देणग्या मागण्यावर देखरेख करणारी एक नवी संस्था स्थापन झाली. २०१७ पासून तिने एक सोय केली. नागरिकाने नको असलेल्या संस्थेचे नाव कळवायचे. मग त्या संस्थेने त्याला फोन आणि पत्रे पाठवणे बंद करायचे.

४. आपल्याकडे काय सोय आहे?

आपल्याकडे नको असलेल्या जाहिरातींचे फोन थांबवायला १९०९ हा नंबर आहे. त्यावर फोन करून नाव नोंदवता येते. २०१८ च्या नियमांत जाहिरातींचे आठ प्रकार केले आहेत. बँक आणि विमा, घरे आणि जमिनी, शिक्षण, आरोग्य, असे ते प्रकार. सगळे बंद करता येतात, किंवा त्यातले हवे ते चालू ठेवता येतात. एवढे करूनही जाहिरातीचा फोन आला, तर १९०९ वर तक्रार करता येते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करायची असते.

पण त्या आठ प्रकारांत ‘देणगी’ हा प्रकार नाही. ते नियम मुख्यतः व्यापाराच्या फोनांसाठी केले आहेत. म्हणून १९०९ वर नोंद केली की संस्थांचे फोनही थांबतील, असे धरून चालू नये. नोंद जरूर करावी. पण संस्थेला स्वतःही सांगावे.

आणखी एक गोष्ट. २०२३ साली केंद्र सरकारने माणसाच्या माहितीचे रक्षण करणारा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. त्यातले एक तत्त्व प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. आपली माहिती वापरायला जितक्या सहज संमती दिली, तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. म्हणजे एका सहीने ‘हो’ म्हटले असेल, तर ‘नको’ म्हणायला दहा हेलपाटे पडता कामा नयेत.

५. फोनवर कसे बोलावे?

चिडू नये. लांबण लावू नये. खोटी सबबही सांगू नये. “नंतर बघू” असे तर मुळीच म्हणू नये. यादीत त्याचा अर्थ ‘पुन्हा फोन करा’ असा लिहिला जातो. पुढील बोलणे दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.

मुलगी : नमस्कार काका. मी आपल्या संस्थेकडून बोलतेय.
काका : नमस्कार ताई. तुम्ही संस्थेत कामाला आहात, की संस्थेनं नेमलेल्या कंपनीत?
मुलगी : कंपनीत आहे, काका. पण पैसे संस्थेलाच जातात.
काका : शंभरातले किती जातात?
मुलगी : ते मला माहीत नाही.
काका : बरं. माझं ऐकून घ्या. मी सभासद आहे आणि राहणार आहे. वर्षाची वर्गणी पाडव्याला भरतो. मधे देणार नाही. माझ्या नावापुढं लिहा, ‘फोन करू नये.’
मुलगी : काका, निदान शंभर रुपये तरी द्या. मुलांचा प्रश्न आहे हो!
काका : नाही, ताई. लिहून घेतलंत ना? तुमचं नाव सांगा. मी आजची तारीख टिपून ठेवतो.

काकांनी काम नाकारले नाही. संस्थेची निंदा केली नाही. फक्त फोन नाकारला. हाच फरक समजून घ्यायचा आहे.

६. पत्र लिहा

फोनवरचे बोलणे हवेत विरते. कागदावर लिहिलेले टिकते. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ही विद्या इथे कामाला येते. संस्थेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका.

“अध्यक्ष महाशय, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. मी आपल्या संस्थेचा सभासद आहे. आपले काम मला पटते. परंतु देणगीसाठी वरचेवर येणारे फोन मला नको आहेत. माझा फोन नंबर फोन करण्याच्या यादीतून काढावा. तो दुसऱ्या कोणाला देऊ नये. सभासदांच्या यादीत माझे नाव ठेवावे. वर्षातून एकदा पत्राने हिशेब कळवावा. कळावे, आपला नम्र.”

खाली नाव, गाव, सभासद क्रमांक आणि तारीख लिहावी. पत्राची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. महिनाभराने पुन्हा फोन आला, तर दुसरे पत्र लिहावे. त्यात पहिल्या पत्राची तारीख घालावी. सभासदांच्या सभेत उठून प्रश्नही विचारावा. आपण सभासद आहोत. फोनच्या कंपनीला किती पैसे दिले, हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

७. खोट्या फोनपासून जपा

चांगल्या संस्थेचे नाव सांगून चोरही फोन करतात. म्हणून फोनवर लगेच पैसे पाठवू नयेत. द्यायचेच असतील, तर पावतीवरचा पत्ता पाहून संस्थेकडे आपण होऊन चौकशी करावी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणीचा नंबर विचारावा. मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा कोणालाही सांगू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घ्यायला तो लागत नाही.

“दर महिन्याला आपोआप कापून घेऊ का?” असे विचारले, तर घाईने हो म्हणू नये. आधी हो म्हटले असेल आणि आता नको असेल, तर ती कपात फोनवरच्या यूपीआय अॅपमधून किंवा बँकेत जाऊन बंद करता येते. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा हाती लागणे कठीण.

८. मागण्याची रीत

महाराष्ट्रात एकदा ‘पैसा फंड’ निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी त्यासाठी गावोगाव फिरून खटपट केली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच मागणी होती. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. देणारा गरीब होता, पण त्याला कोणी भंडावले नाही. मागणी लहान होती, ठरलेली होती, आणि तिचे फळ लोकांना दिसले.

आजच्या संस्थांनीही हे ध्यानात ठेवावे. सभासद म्हणजे दुभती गाय नव्हे. तो कामातला भागीदार आहे. भागीदाराला हिशेब द्यावा, मान द्यावा, आणि त्याचे ‘नको’ एकदाच ऐकून घ्यावे. आपणही ध्यानात ठेवू. मनापासून दिलेला एक रुपया चांगला. कंटाळून दिलेले पन्नास रुपये ना देणाऱ्याला सुख देत, ना कामाला.

शब्दांचे अर्थ
सभासद – वर्गणी भरून संस्थेत सामील झालेला माणूस
न्यास – लोकांच्या भल्यासाठी नोंदलेली संस्था, ट्रस्ट
संमती – होकार
मेहनताना – कामाचा मोबदला

उत्तरे सांगा
१. चांगल्या संस्थेलाही पैसा का मागावा लागतो?
२. इलिनॉय राज्यातल्या कंपनीने दर १०० डॉलरमधले किती ठेवले? संस्थेला किती मिळाले?
३. “नंतर बघू” असे का म्हणू नये?
४. १९०९ आणि १९३० हे नंबर कशासाठी आहेत?

लिहा
तुम्ही ज्या संस्थेचे, मंडळाचे किंवा सोसायटीचे सभासद आहात, तिला एक पोस्टकार्ड लिहा. वर्षाचा जमाखर्च मागवा. पत्र टाकण्याआधी वर्गात वाचून दाखवा.