अखेरच्या खर्चाविषयी गौरीस

पुणे



ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घराचं कर्ज, मुलांच्या शाळा, दोन गाड्यांचे विमे, दर दोन वर्षांनी भारतात येण्याजाण्याची तिकिटं, या सगळ्याचा तू आणि अमेयने नीट हिशेब मांडला आहे. त्यात एका खर्चाला जागा नाही. तुमच्यापैकी कुणाचं किंवा तिथे राहायला आलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाचं तिथेच काही झालं, तर अंत्यसंस्कार कसा होणार, कोण करणार आणि पैसे कुठून येणार? हे पत्र त्यासाठीच आहे. माझं म्हणणं एवढंच की या बाबतीत पैसा कमी पडण्याआधी निर्णय कमी पडतात, आणि न घेतलेले निर्णयच खर्च वाढवतात.

इथे पुण्यात मरणाची वार्ता कळल्यावर घरच्यांना फारसं काही ठरवावं लागत नाही. शेजारचे सामान आणतात, कुणी दहनाचा पास काढायला जातो, कुणी गुरुजींना फोन करतो, आणि वैकुंठ स्मशानभूमीत काय करायचं हे सांगणारी दहा जाणती माणसं सोबत असतात. खर्च कमी होतो तो महापालिकेच्या सोयीमुळे आणि या माणसांमुळे. तुमच्या स्प्रिंगफील्डमध्ये ही माणसं नाहीत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विकसक महा सिन्नतंबी आणि त्यांच्या भागीदाराने जिथे जमीन घेतली तिथे तेव्हा रान होतं. आज जे शहर आहे ते तरुण कुटुंबांचं आहे. मरणाचा अनुभव असलेली पिढीच तिथे विरळ, त्यामुळे ती सगळी कामं फ्युनरल कंपनीकडे जातात आणि प्रत्येक कामाला दर लागतो. ऑस्ट्रेलियन सरकारचं मनीस्मार्ट हे संकेतस्थळ साध्या दहनाला सुमारे ४ हजार डॉलर आणि थाटाच्या दफनाला १५ हजारांपर्यंत खर्च सांगत आलं आहे. डॉलरला ५५ रुपये धरले तर सुमारे सव्वादोन लाखांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत. यातला बराचसा फरक शवपेटी कुठली, सभागृह किती वेळ, फुलं किती, अंत्यदर्शन ठेवायचं की नाही अशा गोष्टींतून पडतो, आणि हे प्रश्न विचारले जातात ते नेमके रडून डोळे सुजलेल्या माणसाला. तो प्रत्येक वेळी ‘चांगलंच द्या’ म्हणतो, कारण स्वस्त निवडणं म्हणजे माया कमी असणं असं त्या घडीला वाटतं. त्यातच कंपनीच्या करारावर जो सही करतो, बिलाची जबाबदारीही त्याच्यावर येते, हे कित्येकांना नंतर कळतं.

म्हणून पहिलं काम कागदाचं. क्वीन्सलँडच्या २००३च्या दहनविषयक कायद्यात एक फार उपयोगाची तरतूद आहे. माझं दहन व्हावं असं माणसाने सही करून लिहून ठेवलं असेल, तर त्याच्या इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्याने ते पाळायचं असतं. नुसतं तोंडी बोलणं यासाठी पुरेसं धरू नका. तुम्ही दोघांनी मृत्युपत्र करा, त्यात एक्झिक्युटर नेमा, आणि दहनाची इच्छा वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहा. पॉवर ऑफ ॲटर्नी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. त्याच कागदावर पेटी साधी असावी, मंत्र म्हणायला एवढा वेळ हवा, अस्थी कुठे न्यायच्या, हेही लिहा. दहनाआधी स्वतंत्र डॉक्टरची परवानगी लागते, मृत्यू अचानक किंवा अपघाती असेल तर कॉरोनरचं चौकशीचं काम संपेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा चोवीस तासांत सगळं उरकेल ही इथली अपेक्षा तिथे धरू नये. क्वीन्सलँडमध्ये आता कंपन्यांना दर उघड करावे लागतात. एखाद्या निवांत शनिवारी समनरच्या सेंटिनरी मेमोरियल गार्डन्ससारख्या जवळच्या ठिकाणाचे आणि दोन-तीन कंपन्यांचे दर काढून त्या कागदाला जोडलेत, तर पुढे भांडायला आधार राहील.

आता पैशांचं. टीव्हीवर रोज दिसणारा फ्युनरल इन्शुरन्स घेऊ नकोस, असं मी स्पष्ट सांगतो. दर पंधरवड्याला थोडे डॉलर, म्हणून तो हलका वाटतो. पण वयाबरोबर हप्ता वाढत जाऊ शकतो, भरलेली रक्कम मिळणाऱ्या रकमेच्या पुढे जाऊ शकते, आणि मध्येच हप्ते थांबले तर बहुधा हातात काही राहत नाही. २०१८मध्ये बँका आणि विमा कंपन्यांची चौकशी करणाऱ्या हेन आयोगासमोर या धंद्याची जी लक्तरं निघाली त्यात आदिवासी कुटुंबांना विकलेल्या योजनांचा विषय होता, आणि त्या विकणारी युप्ला ही कंपनी मार्च २०२२मध्ये कोसळली. अंत्यसंस्कार सन्मानाने व्हावा म्हणून वर्षानुवर्षं हप्ते भरलेल्या हजारो माणसांचे पैसे अडकले, सरकारला मध्ये पडावं लागलं. म्हातारपणी आधीच पैसे भरून कंपनीशी करार करणं हा वेगळा मार्ग आहे. क्वीन्सलँडमध्ये त्यावर १९८२पासून वेगळा कायदा आहे. पण तुम्ही चाळिशीच्या आत आहात, उद्या मेलबर्नला गेलात तर तो करार गळ्यात पडेल. तुमच्यासाठी सोपं ते हे की दोघांच्या नावे असलेल्या खात्यात, कर्जाच्या हिशेबापासून वेगळे, ८ ते १० हजार डॉलर ठेवा. एकट्याच्या नावावरचं खातं मृत्यूनंतर गोठतं. बँका त्यातून फ्युनरलचं बिल परस्पर चुकवतात हे खरं, पण त्यात दिवस जातात. संयुक्त खातं चालू राहतं.

तू म्हणशील, सुपरमध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तिनिधीत, विमा आहेच की. आहे, आणि तो तुमच्यासाठी सर्वांत मोठा आधार ठरेल, पण तो पहिल्या आठवड्यात हाती येत नाही. त्याला महिने लागू शकतात. शिवाय सुपरचे पैसे मृत्युपत्राप्रमाणे आपोआप वाटले जात नाहीत. त्यासाठी बंधनकारक नॉमिनेशन करावं लागतं, आणि अनेक फंडांत ते तीन वर्षांनी संपतं. भारतातले आई-वडील तुमच्यावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून नसतील तर त्यांचं नाव तिथे थेट चालत नाही. त्यांना काही द्यायचं असेल तर इस्टेटीमार्फत द्यावं लागतं. अमेयचं नॉमिनेशन लग्नाआधीचं असेल तर आजच बघा.

सर्वांत भावनेचा मुद्दा देह भारतात आणण्याचा. त्या इच्छेचा मी अनादर करत नाही. पण तिची किंमत डोळ्यांसमोर ठेवूनच ती व्यक्त व्हावी. देह जतन केल्याचं प्रमाणपत्र, संसर्ग नसल्याचं प्रमाणपत्र, मृत्यूचे कागद, पासपोर्ट रद्द करणं, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र, विमानाचा मालवाहतूक दर, आणि या सगळ्यात जाणारे दिवस. नोव्हेंबर २०२४मध्ये ब्रिस्बेनला भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला, त्यामुळे दूरच्या शहराकडे धावावं लागत नाही, पण खर्च तो कमी करत नाही. भारत सरकारच्या कम्युनिटी वेल्फेअर फंडातून देह आणण्यासाठी मदत मिळते, ती भारतीय नागरिकांना आणि गरज पाहून. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतल्यावर ती वाट जवळजवळ बंद होते. माझं मत असं की दहन तिथे करावं आणि अस्थी इथे आणाव्यात. अस्थी आणायलाही कागद लागतात, पण खर्च तिकिटाएवढाच, आणि नाशिकला किंवा आळंदीला विसर्जन करताना इथल्या नातलगांनाही हात लावता येतो. ज्या म्हाताऱ्या आईला मुलाचं मुख शेवटचं बघायचं आहे तिचं दुःख या युक्तिवादाने कमी होत नाही, हे मी जाणतो. तरीही ते ठरवायचं ते सर्वांनी शुद्धीत असताना.

महाराष्ट्र मंडळ वर्गणी काढेल, हा भरवसाही मला पुरेसा वाटत नाही. मुंबईतल्या गावकरी मंडळांची ताकद दर महिन्याच्या नेमाच्या वर्गणीत होती. प्रसंग आल्यावर इंटरनेटवर हाक घालणं ही त्यापुढे अगदी वेगळी गोष्ट. विद्यार्थ्यासाठी लोक मनापासून देतात आणि द्यावंच; पण घर, गाडी आणि पगार असलेल्या कुटुंबाने तो हात शिल्लक ठेवावा, म्हणजे ज्याला खरोखर कुणी नाही त्याच्या वाट्याला तो येईल. तुमच्या मंडळात कायमचा असा निधी नसेल तर तो सुरू करायला तू पुढाकार घे.

हे सगळं बोलणं अभद्र आहे असं तुझ्या सासूबाईंना वाटेल. त्यांना आठवण दे की आपल्या घरांच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा गडू शिसं लावून बंद करून ठेवलेला असायचा, तो कशासाठी? आजीबाई ट्रंकेच्या तळाशी पैसे बांधून ठेवत आणि सुनेला सांगत, माझ्या दिवसांना कुणापुढे हात पसरू नका. मरणाची तयारी ठेवणं आपल्याला नवं नाही. ती तयारी परदेशी गेलेल्या घरात मागे राहिली, एवढंच.

सासू-सासरे मुलांसाठी येतील तेव्हाची गोष्ट वेगळी आणि जास्त निकडीची. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला मेडिकेअर ही सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. विमा घेताना रुग्णालयाच्या रकमेबरोबर दोन ओळी मुद्दाम वाच: मृत्यू झाल्यास दहन किंवा देह परत नेण्यासाठी किती देतात, आणि सासऱ्यांचा मधुमेह व हृदयाचा जुना आजार त्यातून वगळला आहे का. वगळला असेल तर हप्ता जास्त देऊन तो धरून घे. त्यांचं तिकीट काढण्याआधी ही पॉलिसी मला पाठव, मी वाचून कळवतो. आणि सासऱ्यांना त्यांची स्वतःची इच्छा अमेयने विचारावी, तू नव्हे. वडील ती गोष्ट मुलाला मोकळेपणाने सांगतील.

तुझा,
मामा