टकरीवरून वस्तुमानाचा शोध

दोन वस्तूंची टक्कर होत असताना त्यांच्यामध्ये कोणती बले कार्य करतात, हे बहुधा ठाऊक नसते. तरीही टकरीचे गणित सोडविता येते. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. बाहेरील बल नसेल, तर सर्व वस्तूंचा एकूण संवेग टकरीपूर्वी जेवढा असतो तेवढाच टकरीनंतरही राहतो. टक्कर स्थितिस्थापक असेल, तर गतिज ऊर्जाही कायम राहते. या दोन नियमांच्या साहाय्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचेही वस्तुमान काढता येते. न्यूट्रॉनचा शोध असाच लागला.

बेरिलियमवर आल्फा कणांचा मारा केल्यास त्यातून अत्यंत भेदक प्रारण बाहेर पडते, असे 1930 साली बोटे आणि बेकर यांना आढळले. 1932 च्या जानेवारीत आयरीन क्यूरी आणि फ्रेडरिक जोलिओ यांनी दाखविले, की हे प्रारण पॅराफिनमधून वेगवान प्रोटॉन उडविते. त्यांनी ते गॅमा किरण मानले. केंब्रिज येथील जेम्स चॅडविक यांना मात्र हे पटेना. कारण लक्ष्याचा अणू जड असेल, तसतशी त्याच किरणांची ऊर्जा अधिकाधिक मानावी लागत होती.

चॅडविक यांनी किरणाऐवजी कण कल्पिला. हायड्रोजनचे वस्तुमान 1, नायट्रोजनचे 14, अज्ञात कणाचे म आणि त्याचा वेग ग मानू. लक्ष्य स्थिर असून टक्कर अगदी समोरासमोर झाली, तर लक्ष्यास सर्वाधिक वेग मिळतो. वरील दोन नियमांवरून हा वेग हायड्रोजनसाठी 2मग ÷ (म + 1) आणि नायट्रोजनसाठी 2मग ÷ (म + 14) येतो. ग हा वेग मोजता येत नव्हता. परंतु पहिल्या वेगास दुसऱ्याने भागताच तो नाहीसा होतो आणि (म + 14) ÷ (म + 1) एवढेच उरते.

प्रयोगात हायड्रोजनचा कमाल वेग सेकंदास सुमारे 33,000 किलोमीटर, तर नायट्रोजनचा सुमारे 4,700 किलोमीटर आढळला. त्यांचे गुणोत्तर सुमारे 7 आहे. म्हणून म + 14 = 7म + 7, अर्थात म = 7 ÷ 6, म्हणजे सुमारे 1.17.

मोजमापातील अनिश्चितता लक्षात घेता हा कण प्रोटॉनएवढाच जड ठरला. आणि त्याच्या भेदकतेवरून तो विद्युत्भाररहित असल्याचे दिसून आले. न्यूट्रॉन प्रोटॉनहून केवळ सुमारे 0.14 टक्के जड आहे, हे आता ज्ञात आहे. या शोधाबद्दल चॅडविक यांना 1935 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.