सोमवारचे द्रावण आणि शुक्रवारची तुकडी

वेळापत्रकात 'प्रात्यक्षिक' या शब्दापुढे दोन-अडीच तासांची चौकट असते. विद्यार्थी त्या चौकटीत येतो, टेबलावर ब्युरेट, पिपेट, कोनिकल फ्लास्क आणि बाटल्या मांडून ठेवलेल्या पाहतो, आणि घंटा झाली की हात धुऊन निघून जातो. त्या बाटल्या तेथे कशा आल्या, त्यांत काल काय होते आणि उद्या काय उरेल, हा प्रश्न त्याला पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नसते. ज्याच्याकडे प्रयोगशाळेची जुळणी सोपविलेली असते त्याचे मात्र सारे काम त्या चौकटीच्या बाहेरच चालते. हे काम बहुधा विभागातील सर्वांत नव्या अधिव्याख्यात्याच्या गळ्यात पडते. माझ्याही पडले, आणि पुढे ते माझ्याकडेच राहिले.

व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांत एक मोठा फरक आहे. व्याख्यान एकदा होते. चांगले झाले तर सर्वांसाठी चांगले, फसले तर सर्वांसाठी फसले. प्रात्यक्षिक मात्र सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच तुकड्यांसाठी पाच वेळा होते. प्रयोग तोच, टेबले तीच, बाटल्याही त्याच. बाटलीतला पदार्थ मात्र तोच असतो असे नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण खऱ्या अर्थाने कळले ते एका शुक्रवारी.

प्रयोग अगदी साधा होता. फ्लास्कमध्ये १० मि.लि. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण, त्यात विरल गंधकाम्ल, ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट सोडायचे. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. परमँगनेटचे द्रावण डेसिनॉर्मल आहे असे मी सोमवारी फळ्यावर लिहिले होते. ऑक्झॅलिक आम्ल लिटरला किती ग्रॅम, हे विद्यार्थ्यांनी शोधायचे होते. सोमवारच्या तुकडीला ९.९ ते १० मि.लि. अशी रीडिंगे आली, म्हणजे उत्तर लिटरला ६.३ ग्रॅमच्या आसपास. ते बरोबरच होते.

शुक्रवारच्या तुकडीतील बहुतेकांच्या कच्च्या वहीतही १० हाच आकडा होता. मोजक्या तीन-चार जणांनी १०.५ लिहिले होते. त्यांतली एक विद्यार्थिनी वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, माझं काही चुकलं का? सगळ्यांचं दहा येतंय." मी म्हणालो, "पुन्हा करून पाहा." तिने पुन्हा केले. पुन्हा १०.५ आले. मी म्हणालो, "ब्युरेट नीट धुतलं नसशील. आणखी एकदा." तिसऱ्या खेपेस ती १०.० लिहून घेऊन आली. मी सही केली.

तुकडी गेल्यावर उरलेल्या द्रावणाचे मी स्वतः अनुमापन केले. १०.५ आले. दुसऱ्यांदा केले, तेवढेच. मामांना विचारले, हे द्रावण कुठले? (आमच्याकडे प्रयोगशाळेच्या परिचरांना सारे मामाच म्हणतात.) ते म्हणाले, "सोमवारचंच हाय की, सर. तुमीच केल्यालं."

म्हणजे फळ्यावर १० आणायला लावणारा आकडा खोटा होता, आणि १०.५ लिहिणारे तीन-चार जणच खरे होते. बाकीच्यांनी सोमवारच्या तुकडीला व्हरांड्यात विचारले होते, "किती येतं?" त्यांना लबाड म्हणणे सोपे आहे. पण प्रामाणिकपणे केलेल्या कामाचे उत्तर जेथे 'चूक' ठरते, तेथे विद्यार्थी दुसरे काय शिकणार?

आता कारण पाहू. परमँगनेट हा प्राथमिक प्रमाणद्रव्य नाही. अगदी अचूक वजन करून लिटरला ३.१६ ग्रॅम विरघळविले तरी द्रावण डेसिनॉर्मल राहीलच असे नाही. ऊर्ध्वपातित पाण्यातही थोडा सेंद्रिय अंश असतो. परमँगनेट त्याचे ऑक्सिडीकरण करते आणि स्वतः मँगनीज डायऑक्साइड बनून तपकिरी गाळाच्या रूपाने तळाशी बसते. हा गाळ गप्प बसत नाही. उरलेल्या परमँगनेटच्या विघटनास तोच उत्प्रेरक ठरतो. उजेडामुळेही हे विघटन वाढते. म्हणून योग्य रीत अशी की, द्रावण उकळीला आणून पंधरा ते तीस मिनिटे तसेच तापत ठेवावे, थंड करून रात्रभर राहू द्यावे, काचेच्या सच्छिद्र गाळणीतून किंवा काचलोकरीतून गाळावे (कागदातून नव्हे, कारण कागद स्वतःच परमँगनेटचा नाश करतो), तपकिरी बाटलीत भरावे, आणि मग त्याची तीव्रता ठरवावी. मी सोमवारी सकाळी घाईने नुसते विरघळवून दिले होते. चार दिवसांत त्याची तीव्रता ०.१ वरून ०.०९५ वर आली होती.

ही रीत पाळायची तर वेळापत्रक उलटे वाचावे लागते. वीस विद्यार्थ्यांची एक तुकडी धरू. ब्युरेट धुणे, भरणे, तीन-चार अनुमापने, एखादे वाया गेलेले, असे प्रत्येकी सुमारे १०० मि.लि. लागते. तुकडीला दोन लिटर, पाच तुकड्यांना दहा. म्हणजे ३१.६ ग्रॅम परमँगनेट आणि दहा लिटर ऊर्ध्वपातित पाणी. हे पाणी काढणारा संच वीज आणि नळाचे पाणी दोन्ही एकाच वेळी असतील तेव्हाच चालतो, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. तेव्हा पाणी बुधवारी-गुरुवारी साठवायचे, शुक्रवारी थोडे थोडे करून द्रावण उकळायचे, शनिवारी गाळून सारे एका मोठ्या बाटलीत एकत्र करायचे, हलवून एकजीव करायचे, आणि त्याच दिवशी तीव्रता ठरवायची. सोमवारच्या प्रयोगाची सुरुवात आदल्या बुधवारी होते ती अशी. एकत्र करण्यावर माझा विशेष भर आहे. पाच बाटल्यांत पाच वेळा केलेली द्रावणे पाच उत्तरे देतात, आणि मग टेबलाच्या एका टोकाचे विद्यार्थी दुसऱ्या टोकाशी भांडतात.

प्रत्येक द्रावणाची बिघडण्याची तऱ्हा निराळी असते. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या आमच्या पावसाळ्यात वजन करता करताच ओल्या होतात, म्हणून जुलैत तोललेल्या चार ग्रॅममध्ये पाणी किती आणि सोडा किती हे सांगता येत नाही. शिवाय तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्याच्या बाटलीला काचेचे बूच लावू नये, रबरी लावावे. काचेचे असे घट्ट बसते की शेवटी बाटली फोडावी लागते. हीच गत काचेची तोटी असलेल्या ब्युरेटची होते, आणि काम झाल्यावर ती धुतली नाही तर पुढच्या तुकडीला एक ब्युरेट कमी. मोहर्स सॉल्ट नुसत्या पाण्यात विरघळविले तर हवेने पिवळसर होत जाते, म्हणून ते विरल गंधकाम्लातच करावे आणि शक्य तो त्याच दिवशी वापरावे. सोडियम थायोसल्फेट (डेसिनॉर्मलसाठी लिटरला २४.८ ग्रॅम) पाण्यातील कार्बन डायऑक्साइडने आणि जिवाणूंनी बिघडते, त्यात गंधकाचा पांढुरका गढूळपणा येतो, उकळून गार केलेले पाणी आणि चिमूटभर सोडियम कार्बोनेट वापरले तर ते बरेच टिकते. स्टार्चविषयी काय सांगावे! काल उरलेले स्टार्च आज चालेल असे दरवर्षी कोणाला तरी वाटतेच, आणि निळ्याऐवजी लालसर रंग पाहून दरवर्षी कोणीतरी गोंधळतोच.

बाटलीवर नाव लिहिणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते. आमच्या भागात ती तशी नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'क्षार' म्हणजे मीठ वर्गातला पदार्थ समजतो, आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होतो तो. कन्नड माध्यमातून आलेल्यास 'क्षार' म्हणजे अल्कली. मिठाला तो 'लवण' म्हणतो आणि आम्लारीला 'प्रत्याम्ल'. 'आम्ल' हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच. मी एकदा मराठीच्या ओघात, "त्या कडेची क्षाराची बाटली द्या," असे सांगितले. मला सोडियम क्लोराइड हवे होते, आणि कन्नडभाषिक सहायकाने अगदी बरोबर ऐकून कॉस्टिक सोडा आणून दिला. चूक कोणाचीच नव्हती. तेव्हापासून आमच्या बाटल्यांवर आधी रासायनिक सूत्र, मग इंग्रजी नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख आणि करणाऱ्याची आद्याक्षरे असतात. बोलताना कोणी कोणत्याही भाषेत बोलो, उचलताना सूत्र वाचायचे.

शेजारच्या विभागांशी जुळवून घेण्याचा भाग वेगळाच. पदार्थविज्ञानाची उपकरणे शिळी होत नाहीत. त्यांची अडचण संख्येची असते. वर्णपटमापक दोन आणि विद्यार्थी वीस, म्हणून प्रयोग पाळीपाळीने फिरवावे लागतात. जीवशास्त्राचे मात्र आमच्याहून कठीण. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन दाखवायचे तर कांदा पाण्याच्या तोंडाशी ठेवून मुळे फुटायला तीन ते सहा दिवस लागतात. ती सकाळी कापून एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची असतात. गुरुवारी प्रात्यक्षिक असेल तर कांदा शनिवारी मांडला पाहिजे, आणि रविवारी पाणी बदलायला कोण येणार? शिवाय ते आम्ल आणि अल्कोहोल आमच्या कपाटातून जायचे. बुधवारी सकाळी आमचे कपाट कुलूपबंद असेल तर त्यांची आठवडाभराची मुळे वाया. एकदा तसे झाले. तेव्हापासून तिन्ही विभागांची पुढच्या पंधरवड्याची मागणी एकाच वहीत लिहिली जाते आणि ती वही परीक्षा विभागाशेजारच्या खिडकीत असते, कोणाच्याही टेबलाच्या खणात नव्हे.

सुरक्षिततेचे नियम भिंतीवर टांगलेले असतात. त्यांतले खरे जुळणीतच ठरतात. तीव्र गंधकाम्ल विरल करण्याचे काम विद्यार्थ्यांच्या गर्दीत कधीही होता कामा नये. आम्ल पाण्यात, हळूहळू, ढवळत. पाणी आम्लात नव्हे. हे काम आदल्या दिवशी, एका माणसाने, दुसरा जवळ असताना करावे. जेथे गुणात्मक विश्लेषणासाठी हायड्रोजन सल्फाइड अजून वापरतात तेथे सारी तुकडी एकाच दिवशी त्या गटावर आणू नये. धूर-कपाटापाशी एका वेळी चौघांहून अधिक उभे राहू शकत नाहीत, आणि उरलेले मग उघड्यावर वायू सोडतात. निम्म्यांना अनुमापन द्यावे, निम्म्यांना विश्लेषण, पुढच्या आठवड्यात उलट. या वायूचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, म्हणून आपल्याला कळेलच असे वाटते. पण दशलक्ष भागांत सुमारे शंभर भागांच्या वर तो गेला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे मानणारा विद्यार्थी मी पाहिला आहे.

राहिला फळ्याचा प्रश्न. कितीही काळजी घेतली तरी शुक्रवारचे द्रावण सोमवारच्या द्रावणाइतकेच तीव्र असेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. म्हणून आता तीव्रता आधी लिहीतच नाही. काटेकोर तोलून केलेले ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण द्रावण त्या दिवशी टेबलावर असते. प्रत्येक तुकडीतील दोघे-तिघे प्रथम परमँगनेटची तीव्रता काढतात, आकडे जुळले की ती फळ्यावर जाते, आणि मग सारे अज्ञात द्रावणाकडे वळतात. यात वीस-पंचवीस मिनिटे जातात. सहकाऱ्यांची तक्रार आहे की त्यामुळे सत्रातले एक-दोन प्रयोग कमी होतात. तक्रार खरी आहे. अभ्यासक्रमातील प्रयोगांची यादी पुरी झाली नाही तर परीक्षेच्या वेळी जाब मलाच द्यावा लागतो, आणि सर्वांचे मन वळविणे मला अजून जमलेले नाही. पण व्हरांड्यात "किती येतं?" विचारण्यात आता अर्थ उरला नाही, कारण सोमवारचा आकडा शुक्रवारी कोणाच्या कामाचा नसतो.

त्या विद्यार्थिनीची वही सत्राच्या अखेरीस प्रमाणित करण्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा मी ते पान शोधले. १०.० हा आकडा तिने सुवाच्य अक्षरात उतरवला होता, खाली माझी सही. मी तो खोडला, शेजारी लाल शाईने १०.५ लिहिले, 'द्रावणाची तीव्रता ०.०९५, चूक प्रयोगशाळेची' अशी नोंद केली, आणि पुन्हा सही करून तारीख घातली.