‘साउंड’ म्हणजे नुसता आवाज नव्हे

वर्गात मी ‘साउंड’चा अर्थ विचारला की उत्तर येते, आवाज. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकतात ते हार्ट साउंड्स, झडपा मिटतानाचे ‘लब-डब’. पण त्यांनीच तुम्हाला ‘साउंड’ म्हटले, तर अर्थ धडधाकट! हा शब्द मुळातच वेगळा, जर्मन ‘गेझुंट’चा भाऊबंद.

खलाशी शिसे बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजत, तेही साउंड करणेच. शल्यचिकित्सकाची धातूची सळई त्यावरूनच ‘साउंड’ झाली. एक्स-रे नव्हते तेव्हा ती मूत्राशयात सरकवत. खड्याला टेकली की ‘टक्’ हाताला जाणवे, कधी कानालाही ऐकू येई. साउंडने साउंड ऐकायचा, हा योग मला फार आवडतो.

नौदलात जाऊ इच्छिणाऱ्यांनी डेन्मार्क-स्वीडनमधली सामुद्रधुनीही नकाशात पाहावी. इंग्रजीत तिचे नाव नुसतेच ‘द साउंड’.