झाकलेली ओल आणि आरोग्य विमा

धान्याच्या एका राशीजवळून जाताना अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी तिच्यात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

वाचकहो, पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा अपराध नव्हता. ओल झाकणे हा होता.

आरोग्य विम्यात अशी रास दोन्ही पक्षांकडे असते. आपला मधुमेह आपल्याला ठाऊक असतो, कंपनीला नाही. उलट खोलीभाड्याची मर्यादा, वगळलेले उपचार, जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ कंपनीला ठाऊक असतो. आपल्या कानी पडते ते एजंटाचे आश्वासन. दोष लपवण्याला फिकहमध्ये ‘तदलीस’, तर व्यवहारातील घातक अनिश्चिततेला ‘गरर’ म्हणतात. याच गररमुळे व व्याजामुळे अनेक उलेमा व्यापारी विम्याला वैध मानत नाहीत. म्हणून आपल्या परिस्थितीविषयी प्रथम जाणकार मुफ्तींना विचारावे.

परंतु करार केलाच, तर सत्य अनिवार्य आहे. ‘आजार नाही असेच लिहा, सगळेच लिहितात,’ असे एजंट सांगतो. मात्र स्वाक्षरी आपली असते. शिवाय लपवलेल्या आजारांचा भार अखेर प्रामाणिक विमाधारकांच्या हप्त्यावर पडतो. हा बंदांचा हक्क आहे.

खरे सांगितल्यास कंपनी हप्ता वाढवील, कदाचित नकारही देईल. पण तिने विमा स्वीकारला, तर २०२४ च्या नियमांनुसार नोंदवलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. खोटे मात्र पाच वर्षांनंतरही सुरक्षित नाही. फसवणूक सिद्ध झाल्यास दावा तेव्हाही नाकारता येतो.

कंपनीकडूनही हेच सत्य मागा. पॉलिसीसोबतचे माहितीपत्रक घरात मोठ्याने वाचा. अटी मान्य नसतील, तर कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. आणि आपल्यापैकी जे एजंट आहेत, त्यांनी रास स्वतःच उघडून दाखवावी.

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या कथनानुसार, दोन्ही पक्ष खरे बोलले व दोष उघड केले, तरच सौद्यात बरकत येते. अल्लाह आपल्या व्यवहारांना ती बरकत देवो. आमीन.