आधी रेकॉर्डी नीट ऐक

रत्नागिरी, सोमवार

चि. बाळ्यास,


हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतोस, मागून कोणीतरी तुला हाक मारतं, आणि तू "नंतर करतो" म्हणून ठेवून देतोस.

परवा माई आली होती, चिपळूणहून, मुंजीचं आमंत्रण करायला. तू नोकरी सोडलीस हे तिला शिमग्यापासून माहीत होतं, मला आत्ता कळलं. ते एक वेळ जाऊ दे. हिंजवडीच्या बसमध्ये जन्म काढ असं मी तुला कधी म्हटलेलं नाही. पण पुढे ती म्हणाली की तिचा धाकटा तुझं गाणं ऐकायला त्या कॅफेत गेला होता आणि तू गाता गाता स्टुलावरून खाली आलास. गिटारसकट. त्याने तुला रिक्षात घातलं तर तू त्याला म्हणालास, "असं जगल्याशिवाय तसं गाणं येत नाही. टाउन्स असाच होता."

माईने मला विचारलं, "दादा, हा टाउन्स कोण? याच्या ऑफिसातला का?" मामी हसली. मला काही हसू आलं नाही. मागच्या गणपतीत माळ्यावरून जे खोकं तू उतरवून नेलंस त्यातून तो तुझ्याकडे आला, आणि खोकं माझं.

मला दोन गोष्टी सांग. रोज पितोस का? आणि एकटा पितोस का? दुसऱ्याचं उत्तर आधी दे.

ते खोकं कुठून आलं हे तुला कधी नीट सांगितलेलं नाही. १९८३ साली आमचं जहाज ह्यूस्टनला लागलं होतं. त्या वर्षी विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांचं 'पाँचो अँड लेफ्टी' तिकडच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं. गोदीत, कँटीनमध्ये, एजंटच्या गाडीत, जिथे जाल तिथे तेच. मी त्या एजंटच्या ड्रायव्हरला विचारलं, हे कोणाचं गाणं? तो म्हणाला, गातात ते दोघे, पण लिहिलंय आमच्या इथल्याच एकाने, टाउन्स व्हॅन झँट. त्याच्या रेकॉर्डी हव्या असतील तर जुन्या बाजारात बघ, नव्या दुकानात मिळायच्या नाहीत. म्हणजे बघ, देशभर ज्याचं गाणं वाजत होतं त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डी जुन्या बाजारात धूळ खात पडल्या होत्या. मी घेतल्या त्या स्वस्त होत्या म्हणून. इंजिनरूमच्या पोराला गाण्यातलं काय कळणार? पण स्वैपाकघरातल्या टेबलाशी मान खाली घालून बसलेल्या त्या माणसाचं कव्हर बघून वाटलं, हा आपल्या नानासारखा बसलाय.

नानाकडे येतो. आधी तुझी कानउघाडणी.

तू रेकॉर्डी ऐकल्यास, पण कव्हरवरची सालं वाचली नाहीस. ती क्रमाने मांड. पहिली १९६८ची, आणि तिथपासून १९७२पर्यंत सहा अल्बम. सहा! 'पाँचो अँड लेफ्टी' आणि 'इफ आय नीडेड यू' ही त्याची दोन्ही नावाजलेली गाणी त्यातल्या सहाव्यात आहेत, १९७२च्या. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा. त्यानंतर तो चोवीस वर्षं जगला, आणि या सगळ्या काळात स्टुडिओत बसून केलेले नवे अल्बम किती? १९७८, १९८७ आणि १९९४. तीन. त्यातल्या १९७८च्या अल्बमातली बरीचशी गाणी तर १९७३-७४च्या अडकून पडलेल्या टेपांमधली, पुन्हा गायलेली. आता तू म्हणशील, कंपनी बुडाली, टेपा अडकल्या, त्यात त्याचा काय दोष? खरं आहे. पण बाकीची वर्षं कुठे गेली? कंपनीने काही त्याचा हात धरला नव्हता. दारूने धरला होता, आणि सुईनेही.

पिऊन गाणी आली असती तर जास्त प्यायला तेव्हा जास्त यायला हवी होती ना रे? तू इंजिनिअर आहेस, तुला एवढी वजाबाकी येत नाही?

आणखी एक. पहिला अल्बम त्याला आवडला नव्हता. मागे वाद्यांची नुसती गर्दी करून ठेवली होती. म्हणून तिसऱ्या अल्बमात, त्याच स्वैपाकघराच्या कव्हरवाल्या, त्याने पहिल्यातली चार गाणी पुन्हा गायली. साधी, मोजक्या वाद्यांवर. दोन्ही रेकॉर्डी तुझ्याकडे आहेत. 'वेटिंग अराउंड टू डाय' एकदा यातलं ऐक, लगेच त्यातलं ऐक. स्वतःचं छापून बाजारात आलेलं काम पुन्हा समोर घेऊन बसायचं, नको ते काढून टाकायचं, ही त्या माणसाची खरी कला होती. ती उचल ना! तुला सापडला तो त्याचा ग्लास.

आणि ते दुहेरी रेकॉर्डिंग, ओल्ड क्वार्टरमधलं. ह्यूस्टनमधला एक लहानसा बार, जुलै १९७३, दाटीवाटीने बसलेली माणसं, एक माणूस, एक गिटार. मध्ये मध्ये बाटल्या वाजतात, तो विनोद सांगतो. तुला त्यातला बार ऐकू आला. मला विचारशील तर त्याचा उजवा हात ऐक. एकेक तार सुटी, मोकळी वाजते, अंगठा खालचा ठेका सोडत नाही आणि वर बोटं वेगळंच काहीतरी सांगत असतात. त्या रात्री हात शाबूत होता म्हणून ती रेकॉर्ड आज ऐकण्यासारखी आहे. पुढेपुढे त्याचे कार्यक्रम अर्ध्यावर ढासळायचे, शब्द विसरायचा, स्टेजवर रडायचा. त्या रात्रींच्या रेकॉर्डी शोधत कोणी जुन्या बाजारात हिंडत नाही.

जेवतोस का वेळेवर? माई म्हणाली वाळलायस.

आता नाना. आपल्या घरात नानाचं नाव निघालं की सगळे म्हणतात, "काय पेटी वाजवायचा! दोन घोट पोटात गेले की देवच उतरायचा बोटांत." तुझी आईसुद्धा म्हणते. ती तेव्हा लहान होती, अंगणात बाकीच्या पोरींबरोबर बसायची. मी भजनाला त्याच्या शेजारी, टाळ घेऊन बसायचो. मला त्याचे हात दिसायचे. न प्यालेला नाना दर एकादशीला काहीतरी नवीन आणायचा, कुठल्या नाटकातली चाल अभंगाला लाव, कुठे मध्येच दुसऱ्या सुरावर जाऊन परत ये. प्यालेला नाना तीच तीन भजनं वाजवायचा. जरा जोरात आणि जरा घाईत, म्हणून लोकांना रंग चढल्यासारखं वाटायचं. पण भात्यावरचा हात लटपटायचा, सूर मध्येच श्वास सोडायचा, आणि ते झाकायला नाना आणखी जोरात वाजवायचा. लोकांनी त्याला वाहवा दिली ती नेमकी त्या रात्रींची. चाळिशीच्या आत गेला. मी तेव्हा समुद्रावर होतो, तार पुढच्या बंदरात मिळाली.

त्याच्याकडून पेटी शिकायची होती मला. "पुढच्या सुट्टीत" म्हणायचो. तो पण म्हणायचा, पुढच्या सुट्टीत. टाउन्सचंही तसंच. तो त्या काळात टेक्सासमध्येच बारांतून गात हिंडत असे आणि आमचं जहाज दर फेरीला तिकडे लागायचं, पण कधी वॉच असायचा, कधी आळस. रेकॉर्ड आहे ना घरी, म्हणायचो. असो. म्हाताऱ्या माणसाचं हे गाऱ्हाणं तुला कशाला.

पण शेवट कसा झाला ते ऐकच. १९९६च्या डिसेंबरात तो पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. कितीतरी दिवस डॉक्टरकडे गेला नाही, तशाच पायाने रेकॉर्डिंगला म्हणून मेम्फिसला गेला, चाकांच्या खुर्चीत. शेवटी शस्त्रक्रिया झाली तर दवाखान्यात ठेवता येईना, कारण दारू तोडली की अंग जे थरथरायचं तेच जिवावर बेतेल अशी घरच्यांना धास्ती. घरी आणलं. १ जानेवारी १९९७ला गेला, बावन्न वर्षांचा. त्याचं दैवत असलेला हँक विल्यम्सही १ जानेवारीलाच गेला होता, १९५३ला, अवघा एकोणतीस वर्षांचा. लोकांना या तारखेचं फार कौतुक. मला नाही. तू स्टुलावरून पडलास म्हटल्यावर मला हसू का आलं नाही, ते आता कळलं असेल.

तू त्या भाच्याला... छे, भावाला म्हणालास, टाउन्स असाच होता. अरे, तो कसा होता? टेक्सासमधल्या बड्या घराण्यातला मुलगा, तेलाच्या पैशातला. त्याच्या पूर्वजांच्या नावाने तिथे अख्खी एक काउंटी आहे. ते सगळं सोडून नळाचं पाणी नसलेल्या खोपट्यात राहिला. ही गोष्ट कोथरूडच्या पोरांना फार आवडते, माहीत आहे मला. पण त्याच्या आधीची गोष्ट तुझ्या इंटरनेटवर वाच. कोलोरॅडोला कॉलेजात असताना त्याचं मन बिघडलं, प्यायला लागला, घाबरून आईवडील त्याला घेऊन आले आणि गॅल्व्हस्टनच्या इस्पितळात दाखल केलं. तिथे त्याला इन्शुलिन देऊन पुन्हा पुन्हा बेशुद्ध करायचे, तेव्हाची उपचारपद्धतीच होती ती. त्यात त्याच्या लहानपणाच्या आठवणी पुसून गेल्या. त्याची आई जन्मभर हळहळली. त्या गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर मी कितीदा चहा प्यालोय. तेव्हा हे काही माहीत नव्हतं.

म्हणजे ते त्याचं दुखणं होतं, बाळ्या. गाणं यावं म्हणून घेतलेलं नव्हतं. गाणी आली ती दुखणं असूनही आली, आणि जोवर त्याला तेवढं बळ होतं तोवरच आली. तू त्याचं दुखणं उसनं घेऊन बसलायस.

हे वाक्य लिहिलं आणि उठून एक चक्कर मारून आलो. कारण मला कसं ठाऊक की उसनं आहे? काल रात्रभर हेच डोक्यात होतं. माईचं ऐकून मी धरून चाललो की पोराला शौक आलाय, नक्कल करतोय. पण तुला खरंच काही होत असलं तर? झोप लागत नसली, सकाळी उठावंसं वाटत नसलं, नोकरी त्याच्यामुळे सोडली असलीस तर? तुझे बाबा गेल्यापासून तू कोणाजवळ काही बोललेला नाहीस हे मला दिसत होतं. मी म्हटलं, गिटार वाजवतोय, मन रमतंय. तसं काही असेल तर वरची सगळी बडबड विसर. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत आणि आता त्या जुन्या काळासारखं काही करत नाहीत. मी येतो. तुझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसेन, आत काय बोललास ते विचारणार नाही. आईला आत्ताच सांगायचं नसेल तर नको सांगू. हे पत्र लिहिल्याचंही तिला ठाऊक नाही.

आणि तू मे महिन्यात पाठवलेलं ते गाणं, एसटी स्टँडवर रात्री शेवटची गाडी चुकलेल्या माणसाचं. मी तेव्हा नुसता अंगठा पाठवला होता. मला तसलं लिहून पाठवायला जमत नाही. ते मी बऱ्याचदा ऐकलंय. मामीला पाठ आहे, भांडी घासताना म्हणते, चाल थोडी चुकते तिची. त्यात तो कंट्रोलरच्या खिडकीशी जातो आणि काही न विचारताच परत येतो ना, ते तुझं आहे. ते टाउन्सचं नाही, कोणाचंच नाही. ते लिहिताना तू प्यायलेला नव्हतास, हे मी पैजेवर सांगतो. दुसरं कडवं मात्र लांबलंय, पुन्हा बघ.

खोकं परत करू नकोस. माईपुढे मी म्हणालो होतो, परत मागवून घेतो. रागात म्हणालो. रेकॉर्डी तुझ्याच आहेत, उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस, वाकतात.

पैसे मामीच्या फोनवरून टाकलेत, तुझ्या आईला बोलू नकोस. आधी घरभाडं दे. उरतील त्यात गिटारच्या तारा घे आणि दोन महिने दूधवाल्याचं लाव. दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन, उचल. गाऊन दाखवायला नाही, नुसता उचल. बोलावंसं वाटलं नाही तर सांग, मी आपला इथला पाऊस सांगत बसेन.

मामीचे आशीर्वाद. तिने आमसुलं आणि मेतकूट माईच्या धाकट्याबरोबर पाठवलंय. त्याच्यावर चिडू नकोस, तो घाबरला होता म्हणून आईला बोलला.

तुझा,
मामा