लहान नुकसानीची दाद कशी मागावी?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील भातशेती पावसाच्या भरवशावर चालते. पेरलेले बियाणे उगवले नाही, तर पैशांबरोबर हंगामही हातचा जातो. तरीही नुकसान चार-पाच हजारांचे असले की कोर्टाची पायरी नको म्हणून शेतकरी गप्प बसतो. मुंबईसारख्या शहरात लहान दाव्यांसाठी लघुवाद न्यायालय आहे. सदोष माल वा सेवेबाबत ग्रामीण ग्राहकाला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते.

शेतकरी हा ग्राहक ठरतो काय? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये याचे उत्तर होकारार्थी दिले. बियाणे पेरून संपते; तेव्हा चाचणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा शेतकऱ्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले.

पूर्वतयारी : खरेदीची पावती, बियाण्याची पिशवी व तिच्यावरील खूणचिठ्ठी जपून ठेवावी. उगवण न झाल्याचे दिसताच कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून शेताची पाहणी व पंचनामा करून घ्यावा. पीक मोडल्यानंतर हा पुरावा उभा करणे कठीण जाते.

तक्रार अर्ज : अर्जात विक्रेता व उत्पादक यांची नावे-पत्ते, घडलेली हकीकत, नुकसानीची रक्कम व मागणी नमूद करावी आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदारास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिक येथे, अर्ज करता येतो. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मालापोटी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील देणे बंधनकारक नाही. मात्र नुकसानीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल केली पाहिजे.

पुढील टप्पे : विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निर्णय अमान्य असल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. परंतु रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलापूर्वी तिच्यातील निम्मी रक्कम भरावी लागते.

ही माहिती पेरणीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखविली आणि अर्ज लिहिण्यास गावातील शिक्षकांनी हातभार लावला, तर कायद्याचे संरक्षण खऱ्या अर्थाने बांधापर्यंत पोहोचेल.